अंदाज बरोबर आला, बाग गेलीच

हिवाळा उतरणीला लागतो, हरभऱ्याच्या घाट्यांत दाणे भरतात, कांद्याची पात माना टाकू लागते, आणि नेमके त्याच दिवसांत महाराष्ट्रात एक भांडण दर वर्षी नव्याने पेटते. आकाश भरून येते, कुठे तरी गारा पडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर हिशेब सुरू होतो. एक जण हवामान खात्याचा इशारा दाखवून म्हणतो, ‘सांगितले होते ना?’ दुसरा विचारतो, ‘त्यात आमच्या तालुक्याचे नाव कुठे आहे?’ तिसरा एखाद्या खासगी अंदाजकर्त्याची चित्रफीत पुढे करतो. तिच्यात तारीखही असते आणि तालुकाही. मग दिवसभर एवढ्यावरच वाद, की कुणाचा अंदाज खरा. मला हा वाद मुळातच भलत्या जागी लागलेला वाटतो. गार नेमकी कोणाच्या शिवारात पडेल हे चार दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि येत्या काही वर्षांत ते सांगता येऊ लागेल असेही नाही. जे सांगता येते ते मात्र आजही बरेच आहे. ते वाया जाते, कारण अंदाज आणि शेतकऱ्याचा निर्णय यांच्यामधली साखळी आपण कधी पुरती जोडली नाही, आणि जी थोडी जोडली होती ती तोडली.

26 नोव्हेंबर 2023 चा रविवार मला विसरता येत नाही. निफाड तालुक्यात माझ्या मामांची दोन एकर द्राक्षबाग आहे. मध्य महाराष्ट्रात विजांसह पाऊस आणि तुरळक ठिकाणी गारपीट होईल, असा इशारा त्याआधीच आलेला होता. मामांनी तो वाचला होता, मळ्यात त्यावर बोलणे झाले होते, मलाही त्यांचा फोन येऊन गेला होता. गारा आल्या आणि थोड्याच वेळात बागेतली पाने चिंध्या होऊन खाली आली, मणी धरलेले घड काडीवरच ठेचले गेले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ओट्यावर जमलेले सगळे हवामान खात्याला बोल लावत होते. मामा तेवढे म्हणाले, ‘अरे, त्यांनी सांगितले होते. पण सांगितल्यावर मी करणार काय होतो?’ बागेवर आच्छादन नव्हते, एका रात्रीत ते उभे राहत नाही, आणि कच्चा घड तोडून नेण्यासारखा नसतो. अंदाज बरोबर ठरला होता आणि बागेचे तेच झाले, जे अंदाज चुकला असता तरी झाले असते. अचूकतेवर तासन् तास भांडणाऱ्यांपैकी कुणी मामांच्या या प्रश्नाला उत्तर दिलेले मी अजून ऐकलेले नाही.

आधी अंदाजाच्या मर्यादेविषयी नीट बोलू, कारण ती मान्य केल्याशिवाय पुढचे काहीच धड बोलता येत नाही. आपल्याकडची हिवाळी गारपीट बहुतेक वेळा दुरून सुरू होते. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारे वादळी हवेचे पट्टे, सहसा काश्मीर-हिमाचलवरून पुढे जातात. त्यांची शेपटी कधी खूप दक्षिणेपर्यंत लोंबते, तेव्हा वरच्या थरात कोरडी, थंड हवा मध्य भारतावर येते. खालून बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राकडचे बाष्प आत शिरते. खाली दमट, वर थंड अशी हवेची उतरंड अस्थिर होते, ढग उभे चढतात आणि त्यांच्या पोटात पाण्याचे थेंब वर-खाली होत गोठत जातात. ही मोठी जुळणी तीन-चार दिवस आधी दिसते आणि ती पुष्कळदा बरोबर दिसते. ढग नेमका कुठे उभा राहील, हे मात्र त्या दिवशी दुपारीच कळते. ज्वारीच्या लाह्या फोडताना कढई तापली की दाणे फुटणार, हे खात्रीने सांगता येते. पहिला दाणा कोणता उडेल, हे सांगता येत नाही. देशाचे अंदाज काढणारी संगणकी प्रारूपे अलीकडेपर्यंत 12 किलोमीटरच्या चौकटीत हवा पाहत होती. मे 2025 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, तेव्हा ती चौकट 6 किलोमीटरवर आली. ही मोठी प्रगती आहे. पण गारांचा पट्टा कित्येकदा एक-दोन किलोमीटरच रुंद असतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या वेळच्या 35 पैकी 28 जिल्ह्यांना गारपिटीने झोडपले, तेव्हाही एकाच गावात एका बांधापलीकडे गहू आडवा आणि अलीकडे उभा, असे चित्र होते.

त्यात आपला भूगोल. हवामान खात्याच्या नकाशात ‘मध्य महाराष्ट्र’ हा एकच उपविभाग नंदुरबारच्या सातपुड्यापासून कोल्हापूरच्या पन्हाळ्यापर्यंत पसरलेला आहे. एकट्या नाशिक जिल्ह्यात घाटमाथ्यावरची इगतपुरी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेते आणि पूर्वेकडे येवला, सिन्नर पाचशेच्या आसपास घुटमळतात. हिवाळ्यात निफाडच्या खोलगट भागात पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा डोंगराच्या पलीकडे पालघरमध्ये साधी शाल पुरते. एकच वादळी पट्टा या सगळ्यावरून जाताना कोकणात आंब्याच्या मोहोरावर करपा आणि तुडतुडे सोडून जातो, पठारावर गारा टाकतो आणि विदर्भात तुरीच्या गंजी भिजवतो. अशा मुलखात जिल्हा रंगवून दिलेला एक पिवळा चौकोन शेतकऱ्याला पुरत नाही, ही तक्रार खरी आहे. ती मी शंभर टक्के मान्य करतो. पावसाळ्यात खाते आता पुणे आणि पुण्याचा घाट, सातारा आणि साताऱ्याचा घाट असे वेगळे इशारे देते. म्हणजे जिल्हा फोडून बोलणे अशक्य नाही. मग जून ते सप्टेंबर जे जमते ते नोव्हेंबर ते मार्च का जमू नये? घाटमाथा, नदीखोरे, पूर्वेचे माळरान एवढी तीन भागांची विभागणी हिवाळी इशाऱ्यातही झाली तर गावाचे नाव न घेताही अंदाज कितीतरी उपयोगी होईल.

दुसरी अडचण आकाशातली नाही, भाषेतली आहे. खात्याच्या बोलीत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या ठिकाणी. हा शब्द व्याप्ती सांगतो. गार केवढी, मार किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. पण आपल्या रोजच्या मराठीत तुरळक म्हणजे किरकोळ. ‘तुरळक गारपीट’ हे शब्द कानावर पडले की माणूस निर्धास्त होतो. चारांतल्या एका गावाला फटका बसू शकतो, असा ज्याचा अर्थ, तो शब्द ऐकून चारही गावे घरी बसतात. हे बदलायला उपग्रह लागत नाही. ‘दर चार गावांतल्या एखाद्या गावात’ असे लिहिले तरी पुरे.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे. शेतकरी म्हणतो, ‘तुम्ही इशारा देऊन मोकळे होता, खोट्या इशाऱ्याची किंमत मी भरतो.’ याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी बहुधा कधी मजूर शोधलेले नाहीत. इशारा आला की सगळ्या गावाला एकाच दिवशी माणसे हवी असतात, मजुरी चढते. गोडी पुरती उतरण्याआधी द्राक्ष काढले तर भाव पडतो. व्यापाऱ्यालाही तोच इशारा वाचता येतो. तो बागेत येऊन शांतपणे म्हणतो, ‘उद्या गारा आहेत म्हणे,’ आणि किलोमागे काही रुपये कापतो. अशा तीन इशाऱ्यांपैकी दोन कोरडे गेले तर चौथ्याला कोण हलेल? वाघ आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून इशारे कमी करा, खात्री असेल तेव्हाच द्या, अशी मागणी होते. तिथे मी थांबतो. इशारे कमी केले की खोटे इशारे कमी होतात आणि त्याबरोबर न सांगता आलेली वादळे वाढतात. हे दोन्ही एकदम कमी करण्याचा मार्ग अजून कुणालाच सापडलेला नाही. यातले कोणते नुकसान परवडेल, हे पिकावर आणि माणसावर अवलंबून असते. काढून शेतात पसरलेल्या कांद्यावर ताडपत्री ओढायला दोन माणसांची संध्याकाळ जाते. पाचांपैकी एकदाच पाऊस आला तरी ती संध्याकाळ वसूल. कच्ची बाग तोडण्यासाठी मात्र जवळजवळ खात्रीच हवी. एकाच इशाऱ्यावर या दोघांनी वेगळे वागणे हेच शहाणपणाचे आहे. मग इशारा सगळ्यांना एकाच आवाजात, एकाच रंगात का दिला जातो?

हा वाद नवा नाही. ऑक्टोबर 1859 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटले, साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांनी, ज्यांच्या ‘बीगल’ जहाजावर डार्विन जगभर फिरला होता त्यांनीच, 1861 मध्ये तारेने बातम्या गोळा करून बंदरांवर वादळाच्या खुणा उभारायला सुरुवात केली. अंदाज चुकले की वर्तमानपत्रे टर उडवत, विद्वान नाके मुरडत. 1865 मध्ये फिट्झरॉय यांनी आत्महत्या केली. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन ज्या समितीवर होते तिने या इशाऱ्यांना पुरेसा शास्त्रीय पाया नाही असा निर्वाळा दिला आणि 1866 च्या अखेरीस ते बंद झाले. समितीचे म्हणणे शास्त्र म्हणून चूक नव्हते. पण इशारे पुन्हा सुरू करा, हा रेटा समुद्रावर जाणाऱ्यांनीच लावला, आणि वर्षभराच्या आसपास ते सुरूही झाले. अर्धवट खऱ्या इशाऱ्याचे काय करायचे, हे त्यांना ठाऊक होते: खूण दिसली की नांगर उचलायचा नाही. ज्याच्याजवळ करण्यासारखे काही असते तो अपुरा अंदाजही मागून घेतो. ज्याच्याजवळ काहीच नसते त्याला अचूक अंदाजही टोचतो.

‘पण एवढे रडार, एवढे महासंगणक, हजारो कोटी, मग अचूकता मागायची नाही का?’ जरूर मागायची. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने हवामान अंदाज सुधारण्याच्या ‘मिशन मौसम’ योजनेसाठी दोन हजार कोटी मंजूर केले, आणि हा खर्च योग्यच आहे. मला खुपते ते वेगळे. 2018 पासून देशभर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभी राहिली होती, सुमारे दोनशे. मंगळवारी आणि शुक्रवारी ती पीकनिहाय सल्ला काढत: वारा असेल तर फवारणी थांबवा, हरभरा काढणीला आला असेल तर आधी उरका, काढलेला माल आडोशाला न्या. सल्ले सगळे उत्तम होते असे मी म्हणणार नाही. कित्येक ठोकळेबाज असत. तरी आकाशाची भाषा शिवाराच्या भाषेत आणणारा पगारी माणूस जिल्ह्यात बसलेला होता. 2024 च्या सुरुवातीला ही केंद्रे बंद करण्यात आली. त्याच वर्षी वरच्या टोकाला दोन हजार कोटी आले. महासंगणकाने चौकट निम्म्यावर आणली आणि त्या चौकटीत काय दिसते हे बांधावर सांगणारा माणूस आपण घरी पाठवला. अचूकतेसाठी घसा कोरडा करणाऱ्यांपैकी किती जणांनी यावर एक ओळ तरी लिहिली?

ही पोकळी खासगी अंदाजकर्ते भरतात. त्यांच्याविषयी शहरी माणूस तुच्छतेने बोलतो, ते मला पटत नाही. ते शेतकऱ्याच्या बोलीत बोलतात, रात्री अकराला फोन उचलतात, ‘कांदा झाका, ज्वारी काढा’ असे थेट सांगतात. साखळीतला तुटलेला दुवा नेमका हाच. खात्याने त्यांच्याकडून हे शिकावे. पण पंधरा दिवस आधी तालुका आणि तारीख सांगणे हे वेगळे काम आहे, त्याला आधार नाही. गारपीट सांगितलेल्या दिवसांपैकी किती कोरडे गेले, याची वही त्यांच्यातले फार थोडे उघडून दाखवतात. खरे ठरलेले दहा अंदाज सगळीकडे फिरतात, चुकलेले तीस कुणालाच आठवत नाहीत.

खात्रीची भूक माणसाला कुठे नेते याचा एक धडा द्राक्षवाल्यांच्याच इतिहासात आहे. 1896 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, आजच्या स्लोव्हेनियात, अल्बर्ट श्टीगर नावाच्या द्राक्ष बागायतदाराने गारा फोडणारी तोफ आणली. कर्ण्यासारखे तोंड आभाळाकडे, खाली दारू. पहिल्या एक-दोन हंगामांत योगायोगाने गारा कमी झाल्या आणि वेड पसरले. इटलीत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या, गारतोफांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरू लागल्या. शेवटी ऑस्ट्रिया आणि इटली या दोन्ही सरकारांनी ठरावीक पट्ट्यात तोफा लावून पाहिले. दोन्हीकडे तोफा धडधडत असताना गारा पडल्या. आजही अशी यंत्रे विकली जातात, आपल्या देशात हिमाचलच्या सफरचंद बागांत ती बसवूनही झाली. पण तिथल्याच बागायतदारांनी झाडांवर ओढलेल्या साध्या जाळ्या रोज डोळ्यांसमोर काम करतात. जाळीला कोणत्या तालुक्यात गार पडेल हे माहीत असावे लागत नाही.

तयारीने काय होते, हे ओडिशाने दाखवले आहे. ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळाचा इशारा आलेला होता, तरी दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलीन चक्रीवादळ आले तेव्हा जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या दोन अंकी राहिली. मधल्या चौदा वर्षांत अंदाज सुधारले, हे खरेच. पण निवारे बांधले गेले, गावोगावी सराव झाले, कोणी कोणाच्या आजीला उचलून न्यायचे हे ठरले, हेही तितकेच खरे. यावर कुणी म्हणेल, माणसे हलवता येतात, बाग कशी हलवणार? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण तो तयारीचे वय विचारायला लावतो. बागेची तयारी तीन दिवसांत होत नाही, ती तीन वर्षांची असते: एकरी काही लाखांचे आच्छादन, त्याला अनुदान, कर्ज, त्या भारासाठी पुरेसा मांडव. कांद्याची तयारी तीन दिवसांची असते आणि तिला ताडपत्री व दोन माणसे लागतात. जीव वाचवण्याची तयारी तीन तासांची. रडारवरून निघणारे तीन तासांचे इशारे, वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातली वीज सांगणारे ‘दामिनी’ ॲप हे तिच्यासाठीच आहे, आणि इथे गावाचे नाव घेऊन बोलणे खरोखर शक्य असते. तीन वर्षांची तयारी न करता तीन दिवसांच्या अंदाजाने बाग वाचावी, अशी आपली मागणी आहे.

आणि मेंढ्या. डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि बोचरा वारा एकदम आला, तेव्हा जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या पट्ट्यात उघड्या रानात बसलेल्या कळपांतल्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. त्या दिवसांच्या पावसाचा अंदाज होता. पण धनगराचा वाडा त्या आठवड्यात कोणत्या शिवारात उतरला आहे हे गावच्या यंत्रणेला माहीत नसते, त्याचे नाव त्या गावच्या कोणत्याच यादीत नसते, आणि भिजलेला कळप रात्री कुठे न्यायचा याची जागा कुठेच ठरलेली नसते. दर वर्षीच्या ठरलेल्या वाटेने येणाऱ्या माणसासाठी बाजार समितीची एक रिकामी शेड उघडून द्यायला किती अचूक अंदाज लागतो?

शेवटचा मुद्दा पैशांचा, कारण साखळीचे टोक तिथे आहे. गारपीट सर्वांत स्थानिक आपत्ती. एका बांधाने माणूस वाचतो किंवा बुडतो. असे असताना राज्याने 2025 च्या खरिपापासून पीक विम्यातले स्थानिक आपत्तीचे संरक्षण काढले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या सरासरी उत्पादनावर ठेवली. जुन्या योजनेत गैरप्रकार होते, बोगस अर्ज होते, हे सरकारचे म्हणणे मी नाकारत नाही. पण महसूल मंडळातल्या वीस गावांची सरासरी काढली की दोन गावांतली गारपीट त्यात विरघळून जाते. 72 तासांत कळवा, पंचनामा करून घ्या, ही जुनी पद्धत त्रासाची होती, तरी ती एका शेताकडे पाहत होती. बोगस दावे रोखायचे तर गार मोजायला शिका. दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, ती पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता मोजतात, गार मोजत नाहीत. फ्रान्समध्ये शेतकरी आणि स्वयंसेवक फोमची छोटी पाटी उघड्यावर ठेवतात. गारांनी तिच्यावर पडलेले खळगे मोजून गारेचा आकार आणि संख्या कळते. आपल्याकडे प्रत्येक गावात शाळा आहे, शाळेला छप्पर आहे. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे एक पाटी ठेवायची, गार पडली की तारीख लिहून तलाठ्याकडे द्यायची. पाच-सात हिवाळ्यांत कोणत्या खोऱ्यात गार वारंवार येते याचा नकाशा हाती येईल. विम्याचा वाद त्यावर मिटवता येईल, आच्छादनाचे अनुदान आधी कुठे द्यायचे ते ठरवता येईल, आणि पुण्यातल्या शास्त्रज्ञांनाही आपला अंदाज कशाशी ताडून पाहायचा ते मिळेल.

मामांनी गेल्या वर्षी कर्ज काढून अर्ध्या एकरावर आच्छादन घातले. उरलेली दीड एकर उघडी आहे.